मुरबाडजवळ पर्यटकांसाठी सहा गाढवं: पावसाळ्याचं काय?

मुलुंडकर
मुंबईतली नोकरी सोडून मुरबाडजवळच्या वडिलोपार्जित दोन एकरांवर सहा गाढवं ठेवायचा विचार आहे. शनिवार-रविवारी येणाऱ्या कुटुंबांसाठी मुलांना पाठीवरून फेरी, सोबत झुणका-भाकर. सातबारा नावावर आहे. गाढवं कुठून घ्यावीत, वर्षाचा चारा किती धरावा आणि पावसाळ्यात काय करावं?

कडबाकुट्टी
पावसाळ्यापासूनच सुरुवात करा, बाकी सगळं त्यानंतर. गाढव मुळात कोरड्या मुलखातलं जनावर. त्याच्या केसांतून पाणी घोड्यासारखं निथळत नाही, थेट कातडीपर्यंत जातं. तुमच्याकडचे चार महिने त्याला उघड्यावर काढता येणार नाहीत.

दोन गाढवांना साधारण 9 चौरस मीटर आणि पुढच्या प्रत्येकाला साडेचार, म्हणजे सहांना 300 चौरस फुटांची शेड लागेल. जोता दीड-दोन फूट उंच घ्या, वर मुरूम ठोकून घ्या आणि नैर्ऋत्येची बाजू बंद ठेवा. लीद रोज उचलायची. ओल्या लिदीत उभं राहिलं की खुराच्या तळव्याला काळा, घाण वासाचा स्राव सुटतो आणि महिन्याभरात जनावर लंगडतं.

चारा: गावठी गाढव 100-120 किलोचं असतं. नासधूस धरून माणशी, म्हणजे गाढवागणिक, अडीच किलो सुका चारा रोज. सहांचे वर्षाला साडेपाच टन. त्यातला जून ते ऑक्टोबरचा सव्वादोन टन मे महिन्यातच फळ्यांवर, जमिनीपासून फूटभर वर रचून ठेवा. बुरशी आलेला पेंढा पोटदुखीला आमंत्रण देतो.

गायी-म्हशींची गोळी पेंड अजिबात नको. काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोडा-गाढवाच्या हृदयाला विष आहे. कुंपणाला कण्हेर असेल तर तीही विषारी, मुळासकट काढा.

खूर आणि दात
खरेदीसाठी पौष पौर्णिमेचा जेजुरीचा बाजार. भाव दातांवर, म्हणजे वयावर ठरतो: दुवान (दोन दाती), चौवान (चार दाती), अखंड (पूर्ण दात आलेलं). काठेवाडी (सौराष्ट्राकडचं) गाढव उंच आणि देखणं दिसतं, पण पर्यटकांच्या कामाला शांत गावठी माद्या बऱ्या. नर घेतलेच तर खच्ची केलेले घ्या, नाहीतर आधी धनुर्वाताची लस देऊन खच्ची करून घ्या. बिनखच्चीचा नर पोरांच्या गर्दीत ठेवणं म्हणजे चावा ठरलेलाच.

जोडीनं वाढलेली दोन गाढवं जोडीनंच विकत घ्या. सोबती तुटला की गाढव खाणं सोडतं. लठ्ठ जनावरानं खाणं सोडलं तर अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होतं. गाढव दुखणं दाखवत नाही. एक वेळचा चारा तसाच पडला तर त्याच दिवशी डॉक्टर.

बाजारातून आणलेलं जनावर थेट पाहुण्यांसमोर नको. आधी वेगळं बांधा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत ग्लँडर्स या घोडा-गाढवांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो.

खुरं दर सहा-आठ आठवड्यांनी तासायची. नालबंद घोड्यांचा असेल तर आधीच बजावा: गाढवाचा खूर घोड्यापेक्षा उभा असतो. घोड्याच्या कोनात आडवा कापला की टाचेवर भार येतो.

घाटवाट
पाठीवरची फेरी काढून टाका. 1965 च्या मालवाहू जनावरांच्या नियमांत गाढवावर कमाल 50 किलो भार आहे, पण तो गावठी, शंभर किलोच्या जनावराला जास्तच. 20-25 किलोपर्यंतचं मूल ठीक, पण रांगेतला दहा वर्षांचा मुलगा 35 किलोचा निघतो आणि नाही म्हणायला तुमच्याकडे तोंड उरत नाही.

त्यापेक्षा म्होरकी (तोंडाला बांधलेली दोरी) मुलाच्या हातात द्या, गाढवावर पाण्याच्या बाटल्या आणि न्याहारीचा डबा असा वीसेक किलोचा भार, आणि सकाळी सात ते साडेनऊ ओढ्यापर्यंत तीन किलोमीटर पायी. त्याच नियमांप्रमाणे पारा 37 अंशांवर असताना दुपारी 12 ते 3 काम घेता येत नाही. वेफर्स आणि पाव खाऊ घालायला बंदीच. पाटी लावून भागत नाही, माणूस उभा करा.

नोंदणी राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली होते. त्याला किमान एक एकर लागतो, तो तुमच्याकडे आहे.

मुलुंडकर
पायी फेरीचं पटलं. मग जून ते सप्टेंबर पाहुणे बंदच ठेवायचे का? मुंबईकर तर पावसातच बाहेर पडतो.

कडबाकुट्टी
पाहुणे येऊ देत, फेरी बंद. चिखलात खूर आणि पाहुणा दोघंही घसरतात. शेडमध्ये खरारा करणं, चारा घालणं आणि खूर कसा तासतात ते दाखवणं यात मुलांचा तास आरामात जातो. फक्त एका वेळी सहापेक्षा जास्त मुलं आत सोडू नका आणि गाढवांना मागे सरायला मोकळी जागा ठेवा. कोंडलं गेलं की गाढव लाथ झाडतं.