मैत्रीण म्हणते तू लीड करशील, मला वाटतं नाही जमणार. कुणाचं ऐकू?

कातळवेडी
नमस्कार मंडळी. मी पुण्यातल्या एका छोट्या ग्रुपबरोबर काही वर्षं क्लायंबिंग करतेय. सेकंड म्हणून, म्हणजे पुढच्याच्या मागून, कुठेही पाठवा, मी जाते, लिंगाणा झाला, ड्यूक्स नोज झाला, वरून दोर आलेला असला की मला खरंच काही वाटत नाही. आता या हिवाळ्यात तैलबैल्याच्या कातळभिंतीचा पहिला टप्पा मी लीड करावा, म्हणजे दोर घेऊन सगळ्यात पुढे जावं, असं ग्रुपमध्ये चाललंय आणि ही आयडिया माझ्या मैत्रिणीची, कॉलेजपासूनची मैत्रीण आणि माझी नेहमीची बिलेअर, म्हणजे खालून माझा दोर सांभाळणारी. ती म्हणते तुझं फूटवर्क आपल्यात सगळ्यात चांगलं आहे, उगाच घाबरतेस.
पण सरावाच्या कृत्रिम वॉलवर लीड करताना शेवटचा बोल्ट (ज्यात दोर क्लिप करतो तो) गुडघ्याखाली गेला की माझे पाय शिलाई मशीनसारखे थडथडायला लागतात, मग मी 'टेक' (दोर ताणून धर) ओरडते आणि दोरावर बसते. आजवर लीडवर एकदाही पडलेली नाही कारण पडायच्या आधीच बसते 😅 घरी आल्यावर वाटतं की बाकीचे आपल्याला सांभाळून घेतायत, आणि ती मैत्रीण आहे म्हणून चांगलंच बोलणार ना. तर तिच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा? तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का?

बिलेवाला
आधी एक विचारतो, तुला विश्वास नेमका कशावर नाहीये? स्वतःच्या हातापायांवर, की पडलीस तर ती धरेल यावर? या दोन गोष्टींची आपण फार गल्लत करतो. तू कधी पडलीच नाहीस म्हणजे तिने तुला पकडलेलं तू कधी अनुभवलेलंच नाही.
हिशोब बघ. शेवटचं क्लिप तुझ्या हार्नेसच्या गाठीपासून १ मीटर खाली असेल तर तू साधारण २ मीटर पडणार, त्यात थोडा स्लॅक (दोराची ढील) आणि डायनॅमिक दोराचा ताण धर. डोक्यात मात्र आपण थेट जमिनीवर पोचलेलो असतो. म्हणून वॉलवर, बऱ्यापैकी वर गेल्यावर, सरळ किंवा थोड्या ओव्हरहँगच्या, म्हणजे बाहेर झुकलेल्या भिंतीवर (स्लॅबवर, म्हणजे मागे कललेल्या कातळावर नको, गुडघे सोलून निघतील) मुद्दाम पडायची प्रॅक्टिस करा. सुरुवातीला बोल्ट कमरेपाशी असताना, मग हळूहळू वरून. सोबत अनुभवी माणूस हवाच. आणि ती तुझ्यापेक्षा बरीच हलकी असेल तर तू पडल्यावर ती वर उचलली जाईल, तेव्हा तिला जमिनीशी बांधून ठेवणारा ग्राउंड अँकर लावायचा की नाही ते आधी ठरवा.

घाटातली_मावशी
अगं माझं अगदी असंच होतं, फक्त मी चाळिशीनंतर सुरू केलं त्यामुळे लाज डबल. मला सगळेच म्हणायचे 'ताई जमेल हो तुम्हाला' आणि त्याचा शष्प उपयोग व्हायचा नाही, कारण जे सगळ्यांना सगळ्याच वेळी म्हणतात ते आपल्याला बघून म्हणत नसतात. फरक पडला तो एका मित्रामुळे, जो फारसं कौतुक करायचाच नाही. एका सुळक्याच्या पायथ्याशी त्याने तोंडावर सांगितलं, आज तू लीड करायचं नाहीस, तुझं लक्ष नाहीये आणि क्लिप करताना दोर पायामागून घेतेयस. मला राग आला, परतीच्या जीपमध्ये मी त्याच्याशी बोलले पण नाही. पण पुढे त्याच माणसाने एके दिवशी दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाला 'चल, तू जा', तेव्हा त्याला किंमत होती, कारण हा नाही पण म्हणू शकतो हे मला माहीत होतं. वर जाताना भीती वाटलीच. पण 'मी इथे कशाला आलेय' हा जो आवाज असतो ना तो नव्हता.
म्हणून तुला विचारते, तुझी मैत्रीण तुला कधी नाही म्हणालीय का? म्हणाली असेल तर तिच्या हो वर विश्वास ठेव.

उत्तरकडा
मावशी +१. मला यावरून तेनझिंग आणि रेमंड लँबर्ट आठवतात. १९५२ च्या स्विस मोहिमेत हे दोघं एव्हरेस्टवर साधारण ८६०० मीटरपर्यंत गेले, आदल्या रात्री तंबूत ना स्लीपिंग बॅग ना स्टोव्ह, मेणबत्तीवर बर्फ वितळवून घोटभर पाणी. दोघांना धड एक भाषा येत नव्हती. लँबर्टची पायाची बोटं आधीच हिमदंशाने गेलेली, तरी तेनझिंगला दोरावर तोच हवा होता. शिखर झालं नाही, परत फिरले. पुढच्या वर्षी २९ मे ला तेनझिंग हिलरीबरोबर माथ्यावर पोचले तेव्हा गळ्यात लँबर्टने दिलेला लाल स्कार्फ होता. आणि त्याच मोहिमेत आधी आइसफॉलमध्ये हिलरी भेगेत पडले तेव्हा तेनझिंगनी दोर धरला होता, त्यानंतर त्या दोघांची जोडी जमली. 'तू करशील रे' म्हणून जमलेली जोडी नव्हे ती.

मेख_आणि_हातोडा
सगळं छान, पण थोडं पाणी ओततो. वॉल वेगळी आणि तैलबैला वेगळा. आपल्या बेसॉल्टला सुटे दगड, गवताचे पॅच, जुन्या मेखा कधीच्या ते कुणाला ठाऊक. तिथे पडायची प्रॅक्टिस होत नाही. दुसरं म्हणजे जुनी मैत्री असली की माणसं पार्टनर चेक टाळतात, 'अगं तू ना, बघितलंय मी' म्हणत. बकल, आठाची गाठ, कॅराबिनरचं लॉक, बिले डिव्हाइसमधला दोर, दर वेळी एकमेकींचं हात लावून बघा. मैत्रिणीचं तपासताना ओशाळायला काय झालं?

कातळवेडी
बाप रे, एवढे रिप्लाय. मावशी, तुमचा प्रश्न वाचून मी तिला फोनच केला. तर बाई म्हणाली, गेल्या वर्षी ग्रुपमधले तुला एका रूटवर लीडला पाठवत होते तेव्हा मीच नको म्हटलं होतं, तू तेव्हा क्लिप करताना घाई करायचीस. मला हे माहीतच नव्हतं! आधी चिडले, मग हसायला आलं.
@बिलेवाला, हो, ती चांगलीच हलकी आहे माझ्यापेक्षा, आणि खरं सांगायचं तर भीती तिथेच अडकलेली असणार, तिला उचलून आपटेन याची. हे मी तिला कधी बोललेच नव्हते. रविवारी वॉलवर पडायची प्रॅक्टिस, आमचे सर थांबणार आहेत. तैलबैल्याचं त्यानंतर बघू.

बिलेवाला
मस्त. तिला ग्लोव्ह्ज घालायला सांग, आणि पहिल्यांदा पडताना दोर हातात पकडू नकोस, सगळे पकडतात.