डोंगरावरच्या पायवाटांना सिमेंट हवंच कशाला?

कातळवाट :
शहराला खेटून डोंगर असला की कधी ना कधी कुणाला तरी तिथल्या पायवाटेवर काँक्रीट ओतायची हुक्की येतेच. माझा साफ विरोध.
वाटेची खरी वाट लावतं ते पाणी. पावलांनी माती घट्ट दाबली जाते, पाणी मुरत नाही, मग ते वाटेवरूनच धावतं आणि घळ पाडतं. लोक घळ टाळून कडेने चालतात, वाट रुंदावत जाते, गवत मरतं. उपाय एकच, पाणी लवकर वाटेबाहेर काढा. वाट उताराला आडवी, दरीच्या बाजूला किंचित कललेली, मध्येमध्ये तिरके बसवलेले दगड. काँक्रीटवरून पाणी उलट जास्त वेगाने पळतं, कडेची माती खरवडून नेतं आणि स्लॅब अधांतरी लटकतो. मग तो राडारोडा खाली कोण आणणार?
हाँगकाँगमध्ये २०१६ च्या सुमारास डोंगर फिरणाऱ्यांनीच सिमेंटच्या वाटांविरुद्ध आवाज उठवला होता. तिथे आता बऱ्याच ठिकाणी दगड-माती-लाकूड वापरून दुरुस्ती होते.

संथगती :
पाण्याचं पटलं. पण डोंगर फक्त धडधाकट लोकांचा आहे का? गुडघ्यांचा कस चढताना नाही, उतरताना लागतो. सुट्या मुरमावरून पाय सटकतो, तेव्हा 'नैसर्गिक वाट' वगैरे काही सुचत नाही. निदान पहिल्या टप्प्यापर्यंत पक्की वाट द्या, वर काय हवं ते करा.

टोकदार :
@संथगती, पक्की म्हणजे सिमेंटचीच कशावरून? कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळची ग्राउस ग्राइंड ही डोंगरवाट बघा. जेमतेम अडीच किलोमीटरमध्ये सुमारे ८०० मीटर चढ, गर्दी तुफान, तरी पायऱ्या लाकडाच्या नि दगडांच्या. आणि ती वाट फक्त चढण्यासाठी, पायी उतरायला बंदी.

संथगती :
म्हणजे उदाहरण माझ्याच बाजूचं झालं की! उतरणं इतकं त्रासाचं की तिथे बंदीच घातली. शिवाय खाली यायला गोंडोला (रोपवे) आहे, हे सांगायचं राहिलं वाटतं.

टोकदार :
बंदी गुडघ्यांसाठी नाही हो. अरुंद खड्या वाटेवर वरून आणि खालून एकदम गर्दी आली तर धक्काबुक्की होते, दगड सुटतात.

रानभूल :
दोघंही साहित्यावर भांडताय. मूळ दुखणं माणसांच्या संख्येचं. दक्षिण कोरियात सोलला लागून असलेल्या बुखानसान डोंगरावर काही वाटा ठरावीक काळ बंद ठेवतात, झाडोरा सावरायला वेळ देतात. आपल्याला मात्र प्रत्येक वाट बारा महिने उघडी हवी, शिवाय चार शॉर्टकट आपले आपण पाडायचे.

संथगती :
वाटा बंद केल्या की शॉर्टकट वाढतात, कमी होत नाहीत. कुंपण घातलं तर लोक कुंपणही वाकवतात.

कातळवाट :
म्हणून तर आखणी आधी बघा म्हणतोय. वाट आखणारे एक साधा नियम पाळतात, वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नको. तो पाळला की नागमोडी वळणं येतात, चढ सौम्य होतो, संथगतींचे गुडघेही वाचतात. वळणाच्या आतल्या बाजूला मोठे धोंडे किंवा काटेरी झुडपं ठेवली की आडवं कापत जाणारे निम्मे तरी थांबतात. सरळसोट वाटेवर सिमेंट ओतण्याला मी दुरुस्ती म्हणणार नाही.

संथगती :
नागमोडी वाट लांबते, हे विसरू नका. दुप्पट चालायला लावून 'सौम्य' म्हणताय! एका बाजूला कठडा मिळणार असेल तर विचार करते.