ग्राफिक डिझाइनच्या अभ्यासक्रमात शिकलेले नियम मराठी मजकुराला का लागू पडत नाहीत?

प्रश्न — अनुस्वार

नमस्कार. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर मी पुण्यात ग्राफिक डिझाइनच्या एक वर्षाच्या पदविका अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. आता त्याचे शेवटचे सत्र सुरू आहे. या क्षेत्रातील जाणकारांना काही विचारायचे आहे, परंतु त्याआधी अभ्यासक्रमाविषयी थोडे सांगते, म्हणजे माझी अडचण नेमकी कोठे आहे ते स्पष्ट होईल.

प्रवेश घेतला तेव्हा घरी सर्वांची समजूत अशी होती की मी फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर शिकायला चालले आहे. प्रत्यक्षात सुरुवातीचे बरेच दिवस आम्हाला संगणकाला हातच लावू दिला नाही. काळ्या कागदाचे चौकोन कापायचे, ते पांढऱ्या कागदावर मांडायचे आणि तेवढ्यातून गर्दी, तोल, घसरण, थांबणे असे भाव उभे करायचे, हा पहिला मोठा स्वाध्याय होता. कंटाळवाणा वाटणाऱ्या त्या कामाने मला रिकाम्या जागेकडे पाहायला शिकवले, आणि एसटी स्थानकावरचे वेळापत्रक वाचताना आता गाडीच्या वेळेआधी त्याचे स्तंभ दिसतात, ही सवय थोडी त्रासदायकच आहे. दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीवर काम लावून होणारी चर्चा. ज्याचे काम असेल त्याने गप्प बसायचे आणि इतरांनी त्यातून आपल्याला काय वाचता आले ते सांगायचे, अशी पद्धत आहे. ‘छान आहे’ एवढेच म्हणायला वर्गात बंदी आहे. या चर्चेतून जे शिकले ते सॉफ्टवेअरच्या तासांपेक्षा कितीतरी अधिक आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

अडचण अक्षररचनेच्या विषयात आली. बेसलाइन (अक्षरांच्या पायाची रेषा), एक्स-हाइट (लहान ‘x’ची उंची), सेरिफ (अक्षरांच्या टोकांचे छोटे फाटे), कर्निंग (दोन अक्षरांमधील अंतराची जुळणी), कॅपिटल अक्षरांतले मथळे, इटॅलिकने दिलेला भर, हे सर्व आम्ही रोमन लिपीच्या आधारे शिकलो आणि ते उत्तम शिकवले गेले. अंतिम प्रकल्पासाठी मात्र मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेचे भित्तिपत्रक आणि कार्यक्रमपत्रिका निवडली, आणि तिथे शिकलेला प्रत्येक नियम अडखळू लागला. सॉफ्टवेअर १२ पॉइंटच्या (पॉइंट म्हणजे अक्षरमापाचे एकक) मजकुराला आपण होऊन १४.४ पॉइंटांचे ओळींमधील अंतर देते. तेवढ्या अंतरात वरच्या ओळीतील ‘कर्तृत्व’ या शब्दाचा ऋकार खालच्या ओळीतील ‘मूर्ती’च्या रफारावर जाऊन आदळतो. मथळ्याला भारदस्तपणा यावा म्हणून अक्षरांत अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. कॅपिटल अक्षरे नाहीत, आणि तिरपी केलेली देवनागरी वाऱ्याने कलल्यासारखी दिसते. त्यातच ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. शिक्षकांना विचारले तेव्हा ‘मथळा इंग्रजीत घे आणि मराठी मजकूर लहान ठेव’ असा सल्ला मिळाला. ज्या व्याख्यानमालेला येणारा बहुतेक श्रोतृवर्ग साठीच्या पुढचा आहे, तिच्यासाठी मला तो पटला नाही.

माझे प्रश्न असे आहेत. देवनागरीच्या मांडणीसाठी स्वतंत्र शिस्त आहे का, आणि ती कोठे शिकता येते? आज माझ्या हातात असलेल्या कामासाठी कोणती मापे धरावीत? आणि या विषयात पुढे जायचे असेल तर पदविकेनंतर आणखी औपचारिक शिक्षण घ्यावे का?

उत्तर — उपयोजित

आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण माझे विद्यार्थी बहुधा या अडचणीपाशी पोहोचतच नाहीत. ते मथळा इंग्रजीत घेऊन मोकळे होतात. मी उपयोजित कला शिकवतो.

स्वतंत्र शिस्त आहे आणि तिला महाराष्ट्रात परंपराही आहे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात १९३५ मध्ये कमर्शिअल आर्टचा विभाग सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांत अक्षरलेखन असल्यामुळे अनेकांनी शाळेतच पट्टीने शिरोरेषा आखलेली असते. त्या सरावाचा पुढच्या डिझाइन शिक्षणाशी सांधा जोडला जात नाही, ही खरी उणीव आहे. र. कृ. जोशी यांनी जाहिरात क्षेत्रात काम केले, नंतर आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प (डिझाइन) केंद्रात शिकवले, आणि विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी टंकही (फॉन्ट) त्यांचाच. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत महेंद्र पटेल यांनी भारतीय लिप्यांच्या टंकरचनेचे अध्यापन केले. बापूराव नाईक यांनी देवनागरीच्या मुद्राक्षररचनेवर इंग्रजीत तीन खंड लिहिले आणि भाषा संचालनालयाने ते १९७१ मध्ये प्रकाशित केले. जुन्या ग्रंथालयात मिळाले तर अवश्य चाळावेत. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली नावांची अक्षरे वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत पाहता येतात. कॅपिटल आणि इटॅलिक यांच्यावाचून मथळा किती परींनी बोलू शकतो, याचा तो उत्तम पाठ आहे.

आपल्या अडचणीचे मूळ असे आहे. रोमन अक्षर पायाच्या रेषेवर उभे राहते, तर देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते. त्यामुळे डोळा ओळ पकडतो तो वरच्या रेषेवर, आणि त्या रेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, तर अक्षराच्या खाली उकार आणि ऋकार, असे तीन थर एका ओळीत राहतात. रोमनचे ‘एक्स-हाइट’ हे माप देवनागरीत शोधत बसू नये. त्याऐवजी शिरोरेषेपासून काना संपतो तिथपर्यंतची उंची हे मूळ माप धरावे आणि वरच्या व खालच्या थरांना किती जागा लागते ते निवडलेल्या टंकात प्रत्यक्ष मोजावे. मोजण्यासाठी ‘मूर्ती’, ‘कर्तृत्व’, ‘सर्वांचे’, ‘हृदय’ असे शब्द असलेल्या ओळी एकाखाली एक लावाव्यात. माझा अनुभव असा की १२ पॉइंटच्या सलग मजकुराला १८ ते १९ पॉइंटांचे अंतर बहुतेक टंकांत पुरते. मथळा दोन ओळींचा असेल तर हे प्रमाण कमी करता येते, पण तेव्हा कोणत्या शब्दाखाली कोणता शब्द येतो हे नजरेने पाहूनच.

अक्षरांतील अंतर वाढवण्याचा नाद सोडून द्यावा. भारदस्तपणा हवा असेल तर वजन वाढवावे, आकार वाढवावा आणि मथळ्याभोवती मोकळी जागा सोडावी. शब्दांतील अंतर मात्र रोमनपेक्षा किंचित अधिक ठेवावे, कारण शिरोरेषेने बांधलेले शब्द जवळ आले की एकच लांब पट्टा दिसू लागतो. दोन्ही बाजूंना समान टोकांची रचना अरुंद स्तंभात करू नये. ‘व्याख्यानमालेसंदर्भातील’ असा एखादा शब्द ओळ अडवतो आणि उरलेल्या शब्दांत खिंडारे पडतात. डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळी, अशी रचना पत्रिकेला अधिक शोभेल.

एक स्वाध्याय सुचवतो. बोरूने रोज पानभर बाराखडी लिहावी. देवनागरीसाठी बोरूचा काप रोमनच्या उलट दिशेला असतो, त्यामुळे जाड-बारीक रेषांची जागा बदलते. आपल्याला इंग्रजीच्या शेजारी मराठी अक्षर अनेकदा परके का वाटते, त्याचे एक कारण हाताला तिथे कळेल.

उत्तर — बटरपेपर

अनुस्वारताई, वरच्या सरांनी सौंदर्याची बाजू सांगितली, मी छपाईची सांगतो. माझा कोल्हापुरात डीटीपीचा व्यवसाय आहे. वडील खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरे) जुळवणारे कंपोझिटर होते. त्या काळी ‘डिग्री’ पद्धतीत वरच्या मात्रांचे आणि खालच्या उकारांचे खिळे वेगळे असत आणि एकच ओळ थरांनी जुळवावी लागे. ‘अखंड’ पद्धतीत अक्षर मात्रेसकट एकाच खिळ्यावर येई. त्यामुळे देवनागरीची ओळ किती जागा खाते हे कंपोझिटरला वेगळे शिकवावे लागत नव्हते. संगणकाने तो हिशेब दृष्टिआड केला, इतकेच.

पहिले काम म्हणजे सॉफ्टवेअरची जुळणी. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडल्याशिवाय जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी नीट बसत नाहीत. त्यानंतर मजकुराची भाषा मराठी ठेवा. टंकात सोय केलेली असेल तर पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ आपोआप येतात. मराठीसाठी हीच वळणे वापरावीत असा महाराष्ट्र शासनाचा ६ नोव्हेंबर २००९ चा निर्णयही आहे, तेव्हा शिक्षकांनी विचारले तर तो दाखवा. टंकात सोयच नसेल तर टंक बदला.

दुसरी गोष्ट मजकुराची. वाचनालयाकडून आलेला मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकातला असण्याची दाट शक्यता आहे. त्या टंकांत मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे टंक बदलला की पानभर निरर्थक चिन्हे दिसतात. तो मजकूर युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात रूपांतरित करून घ्यावा लागेल. रूपांतरानंतर मुद्रितशोधन पुन्हा करा, कारण ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होणे, अनुस्वार गळणे, रफार शेजारच्या अक्षरावर जाणे हे हमखास घडते. वक्त्याच्या आडनावातला रफार सरकला तर व्याख्यानमालेचा अध्यक्ष तुमच्या मांडणीतले दुसरे काहीही पाहणार नाही.

तिसरी गोष्ट रंगाची. लहान अक्षरांचा मजकूर चार रंगांच्या शाया एकत्र छापून केलेल्या काळ्यात देऊ नका, फक्त काळ्या शाईच्या १०० टक्क्यांत द्या. चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी बारीक शिरोरेषेला रंगीत झालर येते आणि साठीच्या पुढचा वाचक चष्म्याला दोष देतो. कडेपर्यंत रंग असेल तर चारही बाजूंना ३ मिमी जास्तीची जागा सोडा, छायाचित्रे छपाईच्या मापात ३०० डीपीआयची ठेवा. छापखान्याला फाइल देताना अक्षरे कर्व्हमध्ये (म्हणजे रेखाकृतींत) बदलून द्या, म्हणजे त्यांच्या यंत्रावर टंक नसला तरी काही बिघडणार नाही. पण ज्यात दुरुस्ती करता येते ती मूळ फाइल स्वतःकडे वेगळी जपून ठेवा.

जाता जाता एक सांगतो. आमच्या गल्लीत निम्म्याहून अधिक उत्पन्न फ्लेक्सवर चालते, आणि फ्लेक्सवर गिऱ्हाइकाला रिकामी जागा दिसली की तो म्हणतो, ‘इथे आणखी एक फोटो बसेल.’ त्याला नकार कसा द्यायचा हे तुमच्या अभ्यासक्रमात असेल तर मलाही कळवा.

उत्तर — खाडीपलीकडे

मी मुंबईत मोबाइल अ‍ॅपच्या पडद्यांचे डिझाइन करते, म्हणून तिसऱ्या प्रश्नापुरतेच लिहिते.

‘उपयोजित’ यांच्या म्हणण्याशी मी बरीचशी सहमत आहे, परंतु सगळा दोष अभ्यासक्रमावर टाकणे मला योग्य वाटत नाही. एका वर्षात पाहण्याची सवय आणि चर्चा ऐकण्याची ताकद मिळाली असेल तर त्या अभ्यासक्रमाने आपले मुख्य काम केले आहे. लिपी नंतर शिकता येते, ही सवय नंतर लावणे फार कठीण असते. पुढे शिकायचेच असेल तर उपयोजित कलेची चार वर्षांची बी.एफ.ए. ही पदवी आहे, आणि एम.डेस. या डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठी सीड ही प्रवेश परीक्षा आहे. बारावीनंतरच्या तीन वर्षांच्या पदवीवर सीड देता येते, परंतु प्रत्यक्ष प्रवेशाच्या अटी प्रत्येक संस्थेच्या वेगळ्या असतात आणि काही ठिकाणी तीन वर्षांची पदवी पुरत नाही, हे अर्ज भरण्याआधी नीट वाचून घ्यावे.

माझा सल्ला असा की आधी दोन वर्षे नोकरी करावी. मराठी मजकूर उत्तम मांडू शकणारे डिझायनर आमच्याकडे शोधूनही मिळत नाहीत. आपला हाच प्रकल्प, फसलेल्या मांडण्यांसह, कामाच्या संग्रहात पहिल्या पानावर ठेवावा. टंकांसाठी पैसे खर्चण्याची घाई नको. ‘एक टाइप’ या टंक तयार करणाऱ्या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ मोफत उपलब्ध आहेत. ‘तिरो देवनागरी मराठी’ या मोफत टंकात मराठी वळणे मुळातच आहेत, आणि तो सलग मजकुराला फार चांगला दिसतो.

अनुस्वार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल ‘तिरो’मध्ये पत्रिकेचा मजकूर १२ वर १८.५ पॉइंटांनी लावून पाहिला आणि मथळ्याला ‘मुक्ता’चे सर्वांत जाड वजन घेतले. कर्तृत्व आणि मूर्ती यांचे भांडण मिटले आहे. मथळा संपूर्ण मराठीत ठेवून काम भिंतीवर लावले, तेव्हा वर्गातील ज्या मैत्रिणीला मराठी वाचता येत नाही तिनेही कार्यक्रमाचे नाव, दिवस आणि वक्ते हा क्रम बरोबर ओळखला. शिक्षकांनी यावर चर्चा लांबवली आणि शासन निर्णयाची प्रत मागून घेतली.

आता एकच शंका उरली आहे. तारखा आणि वेळा मराठी अंकांत द्याव्यात अशी वाचनालयाची इच्छा आहे, पण दूरध्वनी क्रमांक इंग्रजी अंकांत हवा म्हणतात. एकाच पानावर दोन्ही चालतील का?

बटरपेपर

चालतील, फक्त दोन्ही एका ओळीत आणू नका. दूरध्वनी क्रमांक तळाला पत्त्याच्या शेजारी वेगळ्या गटात ठेवा, आणि इंग्रजी अंक मराठी मजकुराशेजारी लहान-मोठे दिसले तर त्यांचा आकार नजरेने जुळवून घ्या. दोन्हींना एकच पॉइंट देऊन जुळणी होईलच असे नाही. मराठी अंकांत ‘१’ आणि ‘९’ लांबून सारखे दिसतात, तेव्हा व्याख्यानाची तारीख १९ असेल तर भित्तिपत्रकाचा एक छापील नमुना भिंतीवर लावून चार-पाच पावलांवरून कोणा आजोबांना वाचायला सांगा, मगच छपाईला द्या.