अमेरिकेतील चुकलेली कोर्टाची तारीख आणि बेंच वॉरंट : शोध कसा घ्यावा, निपटारा कसा करावा?

मावळतीकर (प्रश्न)

माझा भाचा व्हर्जिनियात एम.एस. करीत असताना, २०२२ च्या मे महिन्यात, इंटरस्टेट ८१ या महामार्गावर ताशी ७० मैलांची मर्यादा असलेल्या टप्प्यात ९१ मैल वेगाने गाडी चालवत असल्याबद्दल पोलिसांनी त्याला अडवले आणि समन्सवर सही घेऊन सोडून दिले. समन्सवर कोर्टात हजर राहण्याची जुलैची तारीख होती. पदवी हाती पडताच तो जूनमध्ये पुण्यास परतला आणि हे केवळ दंडाचे प्रकरण आहे अशा समजुतीने त्याने पुढे काहीच केले नाही. आता त्याची कंपनी त्याला एल-१ (कंपनीअंतर्गत बदलीच्या) व्हिसावर तिकडे पाठवू इच्छिते. समन्सचा कागद जवळ नाही. केवळ काउंटीचे नाव आठवते. त्याच्या नावे वॉरंट निघाले आहे की नाही हे भारतात बसून कसे कळेल, निघाले असल्यास तेथे पाऊल ठेवण्यापूर्वी ते मागे घेतले जाऊ शकते का, आणि व्हिसाच्या अर्जात याविषयी काय लिहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पोटोमॅककाठी

आपण दिलेल्या आकड्यांवरून हे साधे तिकीट वाटत नाही. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा २० मैल अधिक किंवा ८५ मैलांच्या वर वेग असला, की तो 'रेकलेस ड्रायव्हिंग' ठरतो (२०२० पूर्वी ही रेषा ८० मैलांवर होती), आणि तो वर्ग १ चा मिसडिमीनर, म्हणजे फौजदारी गुन्हा आहे. कमाल शिक्षा बारा महिने तुरुंगवास आणि २,५०० डॉलर दंड. साध्या वेगमर्यादाभंगाचा दंड परस्पर भरून मोकळे होता येते, रेकलेसच्या बाबतीत ती सोय नाही. तारखेस हजेरी लागते. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या मुलांना हा फरक कोणी सांगत नाही आणि पुष्कळजण तेथेच फसतात.

शोधाची सुरुवात फुकट करता येते. अशी प्रकरणे त्या काउंटीच्या जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतात, आणि या कोर्टांच्या नोंदी राज्याच्या न्यायव्यवस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही नावाने पाहता येतात. नाव मात्र अनेक प्रकारे घालून पाहावे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते. लायसन्सवर ते कधी पहिल्या नावाला चिकटलेले, तर कधी आडनावाच्या जागी गेलेले असते, आणि पोलिसाने लायसन्सवरून जसे उतरवले तसेच ते कोर्टाच्या दप्तरात बसते. नोंद सापडली की प्रकरणाचा क्रमांक पाहावा. वाहतुकीच्या प्रकरणांचा क्रमांक 'जीटी' या अक्षरांनी सुरू होतो, पुढे वर्षाचे दोन अंक येतात आणि शेवटी '-००' असते. त्याच प्रकरणातून पुढे नोटीस किंवा वॉरंट निघाले असेल तर बहुधा '-०१' अशी वेगळी नोंद आढळते. 'प्ली' (आरोपीने आरोपावर दिलेले उत्तर) या रकान्यात 'ट्राइड इन ॲब्सेन्शिया' असे दिसले, तर त्याच्या गैरहजेरीत खटला चालून निकाल लागलेला आहे आणि मग प्रश्न वॉरंटचा नसून दोषसिद्धीचा आहे. न्यायाधीशाच्या मनात तुरुंगवासाचा विचार असेल, तर तो सहसा गैरहजेरीत निकाल न देता कॅपियस काढतो; व्हर्जिनियात बेंच वॉरंटला, म्हणजे न्यायाधीशाने काढलेल्या अटकेच्या हुकमाला, कॅपियस म्हणतात.

बजावणी न झालेले वॉरंट पडद्यावर दिसेलच असे मात्र नाही. म्हणून संकेतस्थळ पाहून झाल्यावरही त्या कोर्टाच्या क्लार्कच्या कार्यालयास फोन करावाच. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि घटनेचा महिना सांगितला की प्रकरणाची सद्यस्थिती बहुधा कळते. पुढे काय करावे हे मात्र क्लार्क सांगणार नाही; कायदेशीर सल्ला देण्याची त्यांना मुभा नसते, तेव्हा त्यांच्यावर चिडू नये.

निवांत

एवढी काळजी कशासाठी? गाडी जोरात चालवल्याबद्दल कोणी समुद्र ओलांडून पकडायला येत नाही. न्यूयॉर्कमध्ये तर जुनी लाखो वॉरंटे सरसकट रद्द केल्याचे वाचले आहे. आणखी काही वर्षे जाऊ द्यावीत, प्रकरण आपोआप मिटेल.

कलमदान

निवांत यांनी वाचलेली बातमी खरी आहे, मात्र ती येथे लागू पडत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क शहरातील पाचपैकी चार जिल्हा सरकारी वकिलांच्या विनंतीवरून ६ लाख ४० हजारांहून अधिक वॉरंटे रद्द झाली, परंतु ती सार्वजनिक जागी मद्यपान करणे यांसारख्या किरकोळ समन्सांची आणि किमान दहा वर्षे जुनी होती. व्हर्जिनियातही बजावणीविना तीन वर्षांहून अधिक काळ पडून असलेले मिसडिमीनरचे कागद नष्ट करण्यासाठी सरकारी वकिलाने सर्किट कोर्टाकडे अर्ज करावा अशी तरतूद आहे, मात्र काही कागद राखून ठेवावेत अशी विनंतीही तो करू शकतो, आणि या आशेवर विमानाचे तिकीट काढणे शहाणपणाचे नाही.

एका राज्याचे पोलीस रेकलेस ड्रायव्हिंगसाठी दुसऱ्या राज्यातून माणूस सहसा आणत नाहीत, हे मान्य. परंतु विमानतळावर पासपोर्ट तपासणारा अधिकारी संगणकावर वॉरंट पाहू शकतो आणि स्थानिक पोलिसांना बोलावू शकतो. त्यातून वॉशिंग्टनचा डलेस विमानतळ व्हर्जिनियाच्याच हद्दीत आहे, त्यामुळे तेथे उतरणाऱ्यासाठी दुसऱ्या राज्याचा प्रश्नच उरत नाही! शिवाय बुद्ध्या गैरहजर राहणे हा त्या राज्यात स्वतंत्र गुन्हा आहे आणि मूळ आरोप मिसडिमीनरचा असेल तर तोही वर्ग १ चाच. दिवस लोटतील तसा 'हे मुद्दाम केले नाही' हा खुलासा लंगडा पडत जातो.

एक सावधगिरी. 'तुमच्या नावे वॉरंट आहे का ते पाहा' अशी जाहिरात करून पैसे उकळणारी संकेतस्थळे टाळावीत. त्यांची माहिती शिळी असते आणि कोर्टाची नोंद फुकट उपलब्ध आहे. तसेच वॉरंट असल्याचे फोनवर सांगून गिफ्ट कार्डाने रक्कम मागणारा माणूस हमखास ठग समजावा. कोर्ट अशा रीतीने कधीच पैसे मागत नाही.

मावळतीकर

सर्वांचे आभार. पोटोमॅककाठी यांनी सांगितल्याप्रमाणे नावाची उलटापालट करून पाहिली. वडिलांचे नाव आडनावाच्या जागी घातल्यावर नोंद सापडली. '-००' या नोंदीत निकालाचा रकाना रिकामा आहे आणि '-०१' दिसत नाही. भाच्याने क्लार्कच्या कार्यालयास फोन केला असता, जुलै २०२२ मध्ये कॅपियस निघाले असून ते अद्याप बजावलेले नाही, असे सांगण्यात आले. आता येथून काय करता येईल?

पोटोमॅककाठी

वाईटातली चांगली गोष्ट ही, की निकाल लागलेला नाही. गैरहजेरीत दोषी ठरवले गेले असते तर दहा दिवसांची अपिलाची आणि साठ दिवसांची फेरसुनावणीच्या अर्जाची, अशा दोन्ही मुदती केव्हाच उलटून गेल्या असत्या. आता मूळ आरोपावर बाजू मांडण्यास वाव आहे.

त्याच कोर्टात नेहमी उभा राहणारा स्थानिक वकील नेमावा. दूरच्या शहरातील नामांकित फर्मपेक्षा त्या न्यायाधीशाची पद्धत ठाऊक असलेला माणूस येथे अधिक उपयोगी पडतो, आणि वकील निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा की अशील परदेशात असताना कॅपियस मागे घेण्याचा अर्ज हे न्यायाधीश ऐकतात का. काही ऐकतात व नवी तारीख देतात. काही 'आधी माणूस समोर उभा करा' म्हणतात. अर्जासोबत जूनच्या विमानप्रवासाचे तिकीट, पासपोर्टवरील भारतात प्रवेश केल्याचा शिक्का आणि पदवीचे प्रमाणपत्र जोडावे. देश सोडण्याचे कारण शिक्षण संपणे हे होते, कोर्ट टाळणे नव्हे, हे त्यातून दिसते.

कॅपियस मागे घेतले गेले की खरे काम सुरू होते. वकिलाने 'इम्प्रॉपर ड्रायव्हिंग' या सौम्य कलमासाठी प्रयत्न करावा. दोष कमी गंभीर वाटल्यास न्यायाधीश आरोप तेथवर उतरवू शकतो, आणि त्याचा दंड ५०० डॉलरच्या वर जात नाही. रकमेपेक्षा महत्त्वाचे म्हणजे ते वाहतूक नियमाचे उल्लंघन ठरते, फौजदारी गुन्हा नव्हे. रेकलेस कायम राहिला तर लायसन्सवर सहा दोषगुण (डिमेरिट पॉइंट) चढतात आणि नोंद अकरा वर्षे राहते. ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंटचा वर्ग पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र आणि पूर्वीचा स्वच्छ ड्रायव्हिंग रेकॉर्ड न्यायाधीश पाहतात. गाडीच्या स्पीडोमीटरची तपासणी करून तो कमी वेग दाखवत होता असे सिद्ध करण्याचीही तेथे रीत आहे, मात्र भाच्याची गाडी एव्हाना विकली गेली असणार, त्यामुळे तो मार्ग सोडून द्यावा.

न्यायाधीशाने प्रत्यक्ष हजेरीचा आग्रह धरलाच, तर भाच्याने तेथे गेल्यावर वकिलाशी वेळ ठरवून मॅजिस्ट्रेटच्या कार्यालयात स्वतः हजर व्हावे. तेथे कॅपियसची बजावणी होते आणि जामीन की जातमुचलका हे मॅजिस्ट्रेट ठरवतो. आपणहून आलेल्या माणसास जातमुचलक्यावर सोडण्याची शक्यता अधिक असते, तरी हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून हा मार्ग दुय्यम समजावा.

कलमदान

व्हिसाचा मुद्दा राहिला. डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात पूर्वी कधी अटक किंवा दोषसिद्धी झाली आहे का, असा प्रश्न असतो. समन्सवर सही घेऊन सोडणे त्यात मोडते का, याचे उत्तर इमिग्रेशनच्या वकिलाकडून लेखी घ्यावे. फौजदारी वकिलाच्या तोंडी मतावर विसंबू नये. एका रेकलेस ड्रायव्हिंगमुळे सहसा व्हिसा कायमचा नाकारला जात नाही, परंतु महत्त्वाची बाब जाणूनबुजून लपवल्याचा ठपका बसला तर प्रवेशावर कायमची बंदी येऊ शकते. कंपनीच्या इमिग्रेशन वकिलास हे आजच कळवावे. तो वकील प्रामुख्याने कंपनीच्या हिताचे पाहतो हे लक्षात घेता, भाच्याने स्वतःचा एक सल्लागार वेगळा नेमल्यास उत्तम.

शक्य असेल तर अर्ज प्रकरणाचा निकाल लागल्यावरच भरावा आणि निकालाची क्लार्कच्या शिक्क्याची प्रमाणित प्रत मुलाखतीस सोबत न्यावी. ही प्रत वकिलास निकालाच्या दिवशीच मागून घेण्यास सांगावे, नंतर भारतातून मागवण्यात नाहक आठवडे जातात.