उन्हाळी लॅटिन वर्ग: दिवस कसा जातो, आधी काय तयारी करावी?

अनुस्वार:
जूनपासून आठ आठवड्यांचा निवासी लॅटिन वर्ग आहे, अगदी पहिल्या धड्यापासून. शाळेत संस्कृत झालंय, लॅटिन शून्य. रोज किती तास जातात, गाडी कुठे अडते आणि हाताशी असलेल्या तीन आठवड्यांत काय करून ठेवावं? संस्कृतचा उपयोग होतो का?

दीर्घ_ईकार:
अशा वर्गांत साधारण असं असतं: सकाळी पंधरा-वीस मिनिटांची चाचणी (आदल्या दिवशीची रूपं आणि शब्द), मग दोन-अडीच तास नवं व्याकरण, जेवणानंतर छोट्या गटात तोंडी सराव आणि भाषांतर. रात्रीचा गृहपाठ चार-पाच तासांचा. नवे शब्द रोज तीस-चाळीस. आजारपणात एखादा दिवस बुडाला, तर आधी त्या दिवशीची रूपं पाठ करा, भाषांतर राहू द्या. रूपं आली नाहीत तर दुसऱ्या दिवशीचा धडा डोक्यावरून जातो.

गाडी अडते ती नामांच्या तिसऱ्या गटाला. एकूण गट पाच. पहिल्या दोन गटांत प्रथमेवरून अंग (प्रत्यय ज्याला लागतात तो भाग) बहुतेक वेळा कळतं, तिसऱ्यात ते लपलेलं असतं. ‘राजा’ म्हणजे रेक्स, पण षष्ठी रेगिस. ‘प्रवास’ म्हणजे इतेर, पण षष्ठी इतिनेरिस! पुढची रूपं त्या षष्ठीच्या अंगावर चालतात. कार्डावर नुसतं ‘इतेर’ लिहून ठेवलंत, तर उताऱ्यात इतिनेरे दिसल्यावर ते त्याच शब्दाचं रूप आहे हे कळणारच नाही. म्हणून नाम पाठ करायचं ते प्रथमा, षष्ठी आणि लिंग असं एका दमात. क्रियापदाची चारही मूळ रूपं तशीच: फेरो, फेर्रे, तुली, लातुम (वाहणे). पहिल्या रूपावरून तिसरं ओळखता येत नाही, हे उदाहरण पाहिलंत तर पटेल.

षष्ठी_तत्पुरुष:
संस्कृतचा उपयोग भरपूर होतो. विभक्ती म्हणजे काय हे समजण्यात बाकीच्यांचा पहिला आठवडा जातो, तुमचा वाचेल. द्विवचन नाही, आपल्यासारखे संधीही नाहीत. ‘सूर्ये अस्तं गते’ (सूर्य मावळल्यावर) ही सति सप्तमी आठवत असेल, तर उर्बे कप्ता (शहर घेतल्यावर) ही रचना लगेच कळेल. फक्त तिथे सप्तमीऐवजी अब्लेटिव्ह नावाची लॅटिन विभक्ती असते.

फसगत होते तीही याच अब्लेटिव्हमध्ये. आपल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी तिघींचं बहुतेक काम ती एकटी करते. एक्स उर्बे म्हणजे शहरातून, इन उर्बे म्हणजे शहरात. रूप एकच, अर्थ ठरवतं ते आधीचं अव्यय. आणि ग्लादिओ म्हणजे तलवारीने, तिथे तर अव्ययही नाही. अनेकवचनात चतुर्थी आणि अब्लेटिव्ह सारख्याच, आपल्या ‘रामेभ्यः’सारख्या.

‘तो म्हणतो की मी येतोय’ अशा वाक्यात मात्र ‘इति’ शोधू नका. लॅटिनमध्ये ‘मी’ची द्वितीया होते आणि ‘येतोय’च्या जागी ‘येणे’ हे रूप बसतं. हा धडा दोनदा वाचा, पुढे इतिहासकार वाचताना पानोपानी हेच भेटतं.

अनुस्वार:
दोघांचेही आभार! वहीत उच्चार देवनागरीत लिहिले तर चालतील ना?

दीर्घ_ईकार:
इथे सोयीसाठी लिहितोय, वहीत नको. अ, इ, उ यांचे ऱ्हस्व-दीर्घ देवनागरीत दाखवता येतात, पण ए आणि ओ यांचे नाहीत. ‘तो येतो’ आणि ‘तो आला’ दोन्ही आपण ‘वेनित’च लिहिणार. लॅटिनमध्ये पहिल्यातला ए ऱ्हस्व, दुसऱ्यातला दीर्घ, आणि काळ तेवढ्यावरच ठरतो. रोमन लिपीतच लिहा आणि दीर्घ स्वरावर आडवी रेघ न विसरता द्या. पुढे कवितेत वृत्त लावताना त्या रेघांवाचून अडतं.

जोडव्यंजनं मात्र आपल्यासारखीच ठासून म्हणायची: अन्नुस म्हणजे वर्ष, अनुस म्हणजे म्हातारी. वर्गात कुठला उच्चार चालतो तेही आधीच विचारून घ्या. प्राचीन पद्धतीत किकेरो, चर्चच्या पद्धतीत चिचेरो.

ओळीवर_ओळ:
दोन गोष्टी. उताऱ्याच्या ओळींवर भाषांतर लिहू नका. वर्गात नजर तिथेच जाते, मूळ शब्द वाचलाच जात नाही, आणि चाचणीत कोरा उतारा आला की हात थांबतो. पानाच्या समासात फक्त अडलेल्या शब्दाचं मूळ रूप लिहा.

दुसरं, वर्ग बोलण्यावर भर देणारा आहे का ते पाहा. अमेरिकेतल्या केंटकीत लेक्सिंग्टनला 1996 पासून भरणाऱ्या शिबिरात सगळा व्यवहार लॅटिनमध्येच चालतो. तसा वर्ग असेल तर ‘नोन इन्तेल्लेगो’ (मला कळलं नाही) आणि ‘क्वोमोदो लतीने दीकितुर?’ (हे लॅटिनमध्ये कसं म्हणतात?) ही दोन वाक्यं तोंडात बसवून जा. या तीन आठवड्यांत पहिल्या दोन गटांची रूपं आणि ‘असणे’ या क्रियापदाचा वर्तमानकाळ रोज वीस मिनिटं मोठ्याने म्हणा. त्यापुढचं वर्गात घेतीलच.