मदत हवी आहे: शाळेच्या वाचनखोलीत वाळवी लागली आहे

नमस्कार मंडळी. माण तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेची जुनी खोली आम्ही गावकरी दर रविवारी श्रमदान करून वाचनासाठी तयार करतोय. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, ती मुलांच्या ताब्यात द्यायची आहे. रंग झाला. पण परवा लाकडी कपाट सरकवलं, तर मागे वाळवीची मातीची रेघ पार आढ्यापर्यंत! खालच्या फळीवरची गोष्टींची पुस्तकं हातात घेताच भुगा झाली. तिसरीतली एक पोर ते तुकडे जुळवत बसली होती, बघवेना.

मुलं जमिनीवरच बसून वाचणार, म्हणून जहाल औषध मारायला मन धजत नाही. कुणी शाळेत काही उपाय केलाय का? की सरळ लोखंडी मांडणीच घ्यावी? आणि मोठ्या अक्षरांची, चित्रांची जुनी पुस्तकं कुणाकडे असतील तर कळवा, आम्ही येऊन नेऊ.