प्रकरण उघड झाल्यानंतरचा राग : तुम्ही काय केलंत?

जोडीदाराचं बाहेरचं प्रकरण कळूनही एकत्र राहायचं ठरवलं असेल, तर रागाचं काय केलंत ते लिहा. प्रकरण कसं कळलं, ते नको. सुरुवात मी करते.

माहीमला आमचं वन रूम किचन. सासूबाई, मुलगी तिथेच. ओरडायला जागा नाही, म्हणून मी टोमणे मारायचे. आमटी वाढताना, त्याचा फोन वाजला की. एकदा मुलीने ताटावरच विचारलं, "बाबांनी काय केलंय?" घास उतरेना. तेव्हापासून हा विषय घरात काढत नाही. बुधवारी आणि शनिवारी रात्री शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तासभर बसतो. मी विचारायचं, त्याने खरं सांगायचं. "अजून किती दिवस तेच तेच?" हे त्याने म्हणायचं नाही. दीड वर्ष झालं, कधीकधी अजून रडते. पण टोमणे थांबलेत.

*

भांडुप. चूक माझी. ती बोलायला लागली की मी चप्पल अडकवून बाहेर पडायचो, शेवटची लोकल जाईपर्यंत फलाटावर बसायचो. तिला वाटायचं, परत तिकडेच गेला. समुपदेशक बाई म्हणाल्या, नाडी १०० च्या वर गेली की समोरच्याचं डोक्यात शिरत नाही. निदान २० मिनिटं थांबा, पण परतायची वेळ सांगून जा. आता "अर्ध्या तासात येतो, गेटपाशी आहे" म्हणतो आणि येतो. हे येणं फार महत्त्वाचं आहे हो.

*

रात्री २ वाजता १४४१६ ला, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन केला होता. मराठीत बोलले, पैसे लागत नाहीत.

*

माझंच प्रकरण होतं, म्हणून नवऱ्याने मारलं तेव्हा गप्प बसले. कुठल्या तोंडाने सांगणार? वकीलबाईंनी समजावलं : २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून व्यभिचार हा गुन्हा नाही, घटस्फोटाचं कारण मात्र आहे. तो घटस्फोट मागू शकतो, हात उचलू शकत नाही. सध्या ठाण्याला माहेरी आहे. त्याच्या रागाला मी उत्तर द्यायला तयार आहे, पण समुपदेशकांसमोर बसून.

*

ठाण्याच्या ताई, तुम्ही गप्प राहिला नाहीत हे फार बरं केलंत. एकटीने परत जाऊ नका.